नारळाचं दूध आणि बर्मिंगहॅमचा कोको



गेल्या वर्षी नव्याच्या सणाच्या आदल्या दुपारी आमच्या बर्मिंगहॅमच्या घरी एक घोटाळा झाला. रात्री चौदा माणसं जेवायला येणार होती. चिकच्या हलव्याच्या वड्या पाडून झाल्या होत्या, मनुका शरबतासाठी भिजत होत्या आणि कोंबडीचं मोठं पातेलं शेगडीवर होतं. ठाण्याहून आलेल्या आमच्या मावशीला रिकामं बसवत नाही, म्हणून ती ओटा आवरत होती. तिनं नारळाच्या दुधाच्या पावडरीचं रिकामं पाकीट उचललं, चष्मा वर केला आणि मागची बारीक अक्षरं वाचू लागली.

"अगं, यात सोडियम केसिनेट आहे. पुढे 'दूध' असंही लिहिलंय. ठळक अक्षरात."

आम्हाला आधी कळेचना. नारळाच्या दुधात दूध? पण मावशी बरोबर होती. केसिनेट हे गाईच्या दुधातलं प्रथिन. नारळाच्या दुधात चरबी भरपूर, त्यामुळे त्याची नुसती भुकटी नीट होत नाही. चरबीचे थेंब धरून ठेवायला काही कारखाने हे प्रथिन घालतात. आम्ही नेहमी डबा वापरतो. त्या दिवशी दुकानात डबे संपले होते, म्हणून पाकीट आणलं आणि मागची बाजू वाचली नाही. चूक आमचीच.

सूर्य मावळायला अजून वेळ होता. रब्बायांना फोन केला. त्यांनी सांगितलं, ते वाढू नका, पातेलं बाजूला ठेवा, सण झाला की पुढचं बोलू. मग बिरडं, भात, फ्रीझरमधले मासे आणि बटाट्याची भाजी यांवर सण साजरा झाला. कोणी उपाशी राहिलं नाही. पण जेवताना आमच्या भाच्यानं मावशीला विचारलं:

"आजी, खरं सांग. आपले पूर्वज मटणाबरोबर दूध नको म्हणून नारळ घालत होते, की कोकणात दारात नारळ होते म्हणून घालत होते?"

मावशी म्हणाली, "दोन्ही." भाच्याचं समाधान झालं नाही. खरं म्हणजे आमचंही झालं नाही. म्हणून हा लेख.

किनाऱ्यावरचं झाड

आपली गोष्ट नवगावच्या किनाऱ्यापासून सुरू होते. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. ही परंपरेनं आलेली कथा आहे आणि तिचा काळ कोणता यावर विद्वानांचं एकमत नाही. पण पुढच्या कितीतरी पिढ्या आपण अलिबाग, रेवदंडा, चौल, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यात राहिलो यात शंका नाही. आपली आडनावंच ते सांगतात: केहीमकर, नवगावकर, चेऊलकर, अष्टमकर, पेणकर, रोहेकर, तळकर.

या पट्ट्यात ज्यानं घर बांधलं त्यानं नारळ वापरला. झावळ्यांनी छप्पर शाकारलं, हिरांचा खराटा केला, सोडणाचा काथ्या काढून सुंभ वळला, करवंटी चुलीत घातली किंवा तिची डोई केली. फुलोऱ्यापासून फळ पूर्ण पिकायला साधारण बारा महिने लागतात. सहा-सात महिन्यांचं शहाळं प्यायला, पुरतं पिकलेला नारळ स्वयंपाकाला, वाळलेलं खोबरं तेलाला. एकाच झाडावर या सगळ्या वयाची फळं एकाच वेळी लटकत असतात, त्यामुळे नारळाला हंगाम असा नसतोच. आंबा दोन महिने येतो आणि जातो. नारळ बाराही महिने घरात असतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

शनिवार तेली

कोकणातल्या शेजाऱ्यांनी आपल्याला 'यहुदी' म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं 'शनिवार तेली', म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. आपल्या समाजाचं बाहेरच्या जगातलं पहिलं नाव असं धंद्यावरून आणि सुट्टीच्या वारावरून पडलं. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापून झाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यातही तेलाचा धंदा आणि शब्बाथ या दोन गोष्टी आपली जुनी ओळख म्हणून येतात.

घाण्यात तीळ आणि खोबरं दोन्ही जात. वाळलेल्या खोबऱ्यात साठ-पासष्ट टक्के तेल असतं. लाकडी घाण्याला ते सगळं काढता येत नाही, काही तेल पेंडीत राहतं आणि ती पेंड गुरांना जाते. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला दिवसभर गोल फिरवायचं, असं हे काम. तेल रोज लागणारी वस्तू. दिव्याला तेल, डोक्याला तेल, कढईत तेल. अशा धंद्यात आठवड्यातला एक पूर्ण दिवस घाणा बंद ठेवणं म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जाऊ देणं. हा तोटा पिढ्यान् पिढ्या सोसला गेला. जवळ ग्रंथ नव्हते, रब्बाय नव्हते, मशिदी नव्हत्या. आपल्या जुन्या बोलीप्रमाणे आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली पहिली मशीद १७९६ सालची. त्याआधीचा सारा काळ घराघरांतच जपला गेला.

आमच्या घरी शुक्रवारी काचेच्या टांगत्या दिव्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात असे. मावशीला तो दिवा आठवतो. बर्मिंगहॅममध्ये आम्ही तो एकदा हौसेनं लावायचा प्रयत्न केला. जानेवारी होता. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं हे आम्ही विसरलो होतो. बाटलीत पांढरी मेणबत्तीच तयार झाली होती. शेवटी आम्ही नेहमीच्या मेणबत्त्या लावल्या.

गंमत म्हणजे इंग्रजांनाही खोबरेलाचा हाच गुण आवडला होता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या प्राइस कंपनीनं खोबरेलातला घट्ट भाग वेगळा काढून प्राण्यांच्या चरबीबरोबर मेणबत्तीसाठी वापरला. १८४० साली, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या वर्षी, या नव्या मेणबत्त्या बाजारात आल्या. आपल्या घाण्यावर जे तेल शेजारच्या गावासाठी निघत होतं, तसंच तेल सिलोनहून पिंपांत भरून इंग्लंडला येत होतं आणि इथल्या घरात उजेड देत होतं.

दूध, पण दूध नव्हे

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, हे तोरामध्ये तीन वेळा आलं आहे. त्यावरून मांस आणि दूधदुभतं वेगळं ठेवण्याचा नियम झाला. हा नियम जगभरच्या यहुदी स्वयंपाकघरांत अडचणीचा ठरतो, कारण मांसाच्या रश्श्याला दाटपणा आणि मऊपणा द्यायचा तर बहुतेक ठिकाणी दही, साय, लोणी हाच उपाय असतो.

कोकणात दुसरा उपाय दारात उभा होता. नारळ खोवायचा, कोमट पाणी घालून वाटायचा, फडक्यातून पिळायचा. पहिलं दूध दाट, ते शेवटी घालायचं, कारण जोरात उकळलं तर फाटतं. दुसरं दूध पातळ, त्यात मांस शिजवायचं. रंग दुधाचा, नाव दुधाचं, पण त्यात जनावराचं काही नाही. आपल्याकडे मटण, कोंबडी, मासे, सगळ्यांना हेच दूध. संदणातही तेच. आणि गव्हाचा चीक काढून केलेल्या नव्याच्या सणाच्या हलव्यातही तेच, म्हणून तो मांसाहारी जेवणानंतर लगेच खाता येतो. दुधाचा हलवा केला असता तर तासन् तास थांबावं लागलं असतं. नारळाला हंगाम नसतो म्हणून ही सोय बारा महिने होती.

पण एवढ्यावरून 'पाहा, आपले पूर्वज कश्रुत पाळत होते' असं म्हणता येईल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. नारळाचं दूध आपल्या एकट्याचं नव्हे. कोळी, भंडारी, सीकेपी, सारस्वत, कोकणी मुसलमान, सगळ्यांच्या रश्श्यात नारळ आहे. शेजारणीकडून शिकलेल्या कालवणावर आपण उगाच धर्माचा शिक्का मारू नये.

पुरावा शोधायचाच तर आपल्या कालवणात काय घातलंय यापेक्षा काय घातलेलं नाही हे पाहावं. कोकणी मुसलमान शेजाऱ्यांच्या बिर्याणीत मटणाला दही लावतात, वरून तूप सोडतात. आपल्या घरच्या पुलावात आणि मटणात दही नाही, तूप नाही. शेजारच्या लग्नात मटणानंतर बासुंदी चालते, आपल्याकडे नाही. मसाले तेच, पाटा-वरवंटा तोच, खोवणी तीच, गावही तेच. फक्त एक पदार्थ सगळीकडून वगळलेला. शेजाऱ्यांच्या अंगणात गाय-म्हैस असताना आणि दही फुकटात मिळत असताना तो वगळला गेला असेल, तर त्यामागे काहीतरी कारण होतं.

म्हणजे मावशीचं 'दोन्ही' हे उत्तर बरोबर होतं. दारात झाड होतं म्हणून नियम पाळायला सोपा गेला, आणि नियम होता म्हणून त्या झाडाला आपल्या घरात वेगळी जागा मिळाली.

एक आणखी गोष्ट इथे सांगायला हवी. हाच विचार दूरच्या यहुद्यांनीही केला आहे. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोव्हचे रब्बाय मोशे इस्सेर्लेस यांनी शुल्हान आरुखवरच्या आपल्या टिपांत बदामाच्या दुधाची चर्चा केली आहे. तिथले लोक बदामाच्या दुधात कोंबडी शिजवत. मांस शिजवायचं तर त्यांनी सांगितलं, पातेल्याशेजारी थोडे बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला हे गाईचं दूध वाटणार नाही. अलिबागच्या आमच्या आजीला असं काही ठेवायची गरज नव्हती. तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं की रश्शातलं पांढरं म्हणजे नारळ. पण त्या दिवशी बर्मिंगहॅममध्ये आमच्या ओट्यावर करवंटी पडली असती, तर मावशीला पाकीट वाचायची वेळ आली नसती. इस्सेर्लेसांचे बदाम आम्हाला त्या दुपारी समजले.

मलिद्याच्या ताटात

नारळ आपल्या धर्मविधीतही बसला आहे. मलिद्याचं ताट डोळ्यांसमोर आणा: भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि बाजूनं फळं. एलियाहू हन्नाबीच्या नावानं हे ताट मांडायचं. लग्न असो, नवस असो, नवं घर असो, परदेशी जाणं असो. आणि प्रत्येक वस्तूची बेराखा वेगळी. खजुराला झाडाच्या फळाची. केळीला मात्र जमिनीच्या पिकाची, कारण केळ हे खरं झाड नव्हे, तिचं खोड दर वेळी नवं येतं. नारळ नुसता खाल्ला तर त्यावर झाडाच्या फळाचीच बेराखा म्हणायची. कोकणातल्या अंगणात जे तीन-चार जिन्नस सहज मिळत, त्यांच्यातून सगळं बेराखांचं शिक्षण मुलांना एका ताटात मिळत असे.

आमच्या मुलांना आम्ही तसंच शिकवतो. फरक एवढाच की इथे खजूर, केळी आणि सफरचंद कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि नारळासाठी बसनं हँड्सवर्थच्या सोहो रोडला किंवा बुल रिंगच्या बाजारात जावं लागतं.

या शहराचं स्वतःचं फळ

नारळ विकत घ्यायला बुल रिंगला जाताना आम्ही बुल स्ट्रीटवरून जातो. या रस्त्यावर १८२४ साली जॉन कॅडबरी नावाच्या तरुण क्वेकर माणसानं चहा, कॉफी आणि कोको यांचं दुकान काढलं. दारूऐवजी लोकांनी गरम कोको प्यावा अशी त्याची इच्छा होती. १८३१ पासून तो स्वतः कोको तयार करू लागला. पुढे त्याच्या मुलांनी, रिचर्ड आणि जॉर्ज यांनी, धंदा शहराबाहेर नेला आणि १८७९ साली बोर्नव्हिलचा कारखाना सुरू झाला.

कोको हेही आपल्या नारळासारखंच उष्ण प्रदेशातल्या झाडाचं फळ. ते थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतं. आत पांढऱ्या गरात तीस-चाळीस बिया. त्या काही दिवस आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, मगच चॉकलेटचा वास येतो. इंग्रजांचा या दोन फळांच्या नावात असा गोंधळ झाला की १७५५ सालच्या डॉ. जॉन्सनच्या शब्दकोशातही 'कोको' आणि 'काकाओ' एकत्र झाले. त्यामुळे जुन्या इंग्रजी जाहिरातींत नारळाचं स्पेलिंग कोकोसारखं दिसतं. मूळ शब्द अगदी वेगळे आहेत. नारळाचा 'कोको' पोर्तुगीजांचा, करवंटीवरच्या तीन डोळ्यांमुळे दिसणाऱ्या चेहऱ्यावरून. चॉकलेटचा 'काकाओ' मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला.

१९०५ साली बोर्नव्हिलनं 'डेअरी मिल्क' काढलं. इतर कंपन्यांपेक्षा जास्त दूध हेच त्याचं वैशिष्ट्य आणि १९२८ पासून 'दीड ग्लास दूध' ही त्याची जाहिरात. म्हणजे या शहरानं एका झाडाच्या फळात गाईचं दूध घातलं आणि जगभर विकलं. आपल्या लोकांनी एका झाडाच्या फळातून दूध काढलं, ते अशासाठी की गाईचं दूध घालावं लागू नये. आम्ही या दोन्हींच्या मधे राहतो. मुलांना शुक्रवारी रात्री मटणानंतर चॉकलेट हवं असतं आणि आमच्या घरात दर आठवड्याला 'किती वाजता खाऊ शकतो?' हा प्रश्न असतो. डार्क चॉकलेट आणलं तरी मागची बाजू वाचावीच लागते.

कोकोच्या इतिहासाची एक काळी बाजूही याच शहरात उघडी पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडबरींचा बराच कोको साओ टोमे या पोर्तुगीज बेटांवरून येत असे. तिथले मजूर अंगोलातून आणलेले, नावाला करारी, प्रत्यक्षात गुलाम. कंपनीला याची कुणकुण १९०१ पासून होती. तिनं चौकशी केली, माणसं पाठवली, पोर्तुगीज सरकारशी बोलणी केली, आणि त्या काळात कोको घेणंही चालू ठेवलं. १९०९ च्या मार्चमध्ये तिनं तिथला कोको बंद केला. 'स्टँडर्ड' या लंडनच्या वृत्तपत्रानं आधीच यावर टीका केली होती, म्हणून कंपनीनं अब्रूनुकसानीचा दावा लावला. खटला १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या कोर्टात चालला. ज्युरीनं निकाल कॅडबरींच्या बाजूनं दिला, पण भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा. यापेक्षा लहान नाणं तेव्हा नव्हतं.

ही कथा आम्ही कोणाला नावं ठेवायला सांगत नाही. ते धर्मभीरू लोक होते. कामगारांसाठी त्यांनी घरं, बागा बांधल्या. पण आपण जे खातो ते कुठून येतं, कोणाच्या हातून येतं, हे विचारायला उशीर केला की काय होतं, ते त्या फार्दिंगनं दाखवलं. कोशेर म्हणजे पातेल्यात काय आहे एवढंच नव्हे, असं आमचे बाबा म्हणत. त्यांना ही गोष्ट पटली असती.

बर्मिंगहॅम ते ठाणे

आता मावशीचं ठाणं. तिथली शाआर हाशमाईम मशीद १८७९ सालची, म्हणजे बोर्नव्हिलच्या कारखान्याच्याच वर्षाची. कोकणातून मुंबईकडे आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांनी ठाण्यात घर केलं आणि आज भारतातल्या आपल्या मोठ्या वस्त्यांपैकी ती एक आहे. १९४८ साली कॅडबरी भारतात आली आणि पुढे तिचा कारखाना निघाला तोही ठाण्यात. तिथल्या चौकाला लोक 'कॅडबरी जंक्शन' म्हणतात. मावशी सांगते, वारा त्या बाजूचा असला की चॉकलेटचा वास यायचा. तिला आम्ही बोर्नव्हिलला नेलं तेव्हा ती बसमधून उतरताच थांबली आणि म्हणाली, "अरे, हा तर आमच्या ठाण्याचा वास!"

१९६५ पासून कॅडबरीनं भारतात कोकोच्या लागवडीला हात घातला, मुख्यतः केरळात. कोकोच्या झाडाला सावली लागते. ती सावली कोणाची? नारळाची आणि सुपारीची. दक्षिणेत आजही कोको नारळाच्या बागेत, माडांच्या खाली, आंतरपीक म्हणून घेतला जातो. ज्या दोन फळांच्या नावांचा इंग्रजांनी घोळ घातला, ती आज एकाच बागेत एकमेकांशेजारी वाढतात.

इथल्या शेजाऱ्यांचा नारळ

बर्मिंगहॅममध्ये आपली घरं थोडी. पण नारळाच्या बाबतीत आपण इथे एकटे नाही. सोहो रोडला नारळ मिळतो तो आपल्यामुळे नव्हे. युद्धानंतर जमेका आणि इतर बेटांवरून लोक इथे आले. त्यांचा रविवारचा भात-घेवडा नारळाच्या दुधात शिजतो. बालटीच्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध असलेल्या लेडीपूल रोडलाही नारळाचे डबे रांगेनं मांडलेले असतात. नारळ हलवून आत पाणी वाजतंय का पाहायचं, डोळ्यांपाशी बुरशी नाही ना पाहायचं, हे आम्ही एका जमेकन आजीबाईंबरोबर एकाच टोपलीवर वाकून केलं आहे. दोघींनी निवडलेले नारळ आतून चांगले निघाले असावेत, आमचा तरी निघाला.

आणि सिंगर्स हिल. ब्लूशर स्ट्रीटवरची ही भव्य मशीद १८५६ सालची. तिथले बहुतेक लोक अश्केनाझी. पेसाहमध्ये त्यांच्याकडे पीठ चालत नाही, म्हणून किसलेल्या खोबऱ्याचे मॅकरून आणि टोकदार 'कोकोनट पिरॅमिड' करतात. हे सुकं किसलेलं खोबरं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिलोनच्या कारखान्यांतून इंग्लंडला येऊ लागलं आणि इथल्या बेकऱ्यांत पोचलं. आम्ही एकदा नारळाची वडी घेऊन गेलो. एक वयस्क बाई म्हणाल्या, "ही तर आमची कोकोनट आइस!" त्यांनी कृती मागितली, आम्ही त्यांच्याकडून पिरॅमिडची घेतली. विलायची त्यांना नवीन होती. आपल्याला त्यांच्या देवळात परके वाटेल अशी आम्हाला पहिल्या दिवशी भीती होती. खोबऱ्यानं ती बरीच कमी केली.

ही भीती उगाच नव्हती. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटनं आपल्या लोकांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी सुरू केली. प्रश्न स्वयंपाकघराचा नव्हता, लग्न आणि घटस्फोटाच्या नियमांचा होता. पण घाव लागला तो सगळ्यांनाच: तुम्ही खरे यहुदी आहात का? लोक रस्त्यावर आले, धरणं धरली, आणि १९६४ साली क्नेसेटनं ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदी आहेत. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत. त्यामुळे कोणी सहज म्हणून विचारलं तरी, 'तुम्ही खरंच पाळत होता का?' हा प्रश्न आपल्याला जरा जास्त टोचतो. भाच्यानं तो विचारला तेव्हा मावशी क्षणभर गप्प झाली होती, ती त्यामुळेच.

मग उत्तर काय

सोपा नियम पाळला जातोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. अलिबागला आमच्या आजीनं कोंबडीत नारळ घातला तेव्हा ती धर्म पाळतेय असं तिला बहुधा वाटलंही नसेल. ती कालवण करत होती. नियम पाळायला कष्ट पडू लागतात तेव्हाच तो नियम आहे हे कळतं. शनिवारी घाणा बंद ठेवताना कष्ट होते, म्हणून शेजाऱ्यांना तो नियम दिसला आणि त्यांनी आपल्याला त्यावरून नाव दिलं. नारळाच्या दुधाचा नियम कोकणात कोणाला दिसला नाही, कारण झाड दारात होतं. तो दिसला बर्मिंगहॅममध्ये, चौदा माणसं येणार असताना पातेलं बाजूला ठेवावं लागलं तेव्हा. भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पातेल्यात होतं. तूही त्या रात्री मुकाट्यानं बिरडं खाल्लंस.

परदेशातल्या घरांसाठी आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी:

नारळाच्या दुधाच्या पावडरीचं पाकीट घ्याल तर मागची बाजू वाचा. २०१४ च्या डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये दुधासारखे ॲलर्जीचे पदार्थ घटकांच्या यादीत ठळक दाखवावे लागतात, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही. केसिनेट, व्हे, मिल्क प्रोटीन, यांपैकी काहीही असेल तर मांसाबरोबर नको.

डब्यातल्या दुधात साधारणपणे नारळ, पाणी आणि एखादा डिंक असतो. पण प्रत्येक वेळी वाचा, कारण कंपन्या कृती बदलतात. कोशेरचा शिक्का असला तर उत्तम.

'क्रीम्ड कोकोनट'ची वडी मिळते. ती म्हणजे वाटून घट्ट केलेलं खोबरंच. गरम पाण्यात विरघळवली की दाट दूध होतं, आणि थंडीत फडताळात महिनोन् महिने टिकते.

आणि वर्षातून एकदा तरी, निदान नव्याच्या सणाला, एक खरा नारळ फोडा. मुलांना खोवू द्या, पिळू द्या, बोटं चाटू द्या. करवंटी ओट्यावर तशीच राहू द्या, म्हणजे पाहणाऱ्याला शंका राहणार नाही.

मावशी ठाण्याला परत गेली. जाताना तिच्या बॅगेत दोन किलो चॉकलेट होतं आणि आमच्या फडताळात तिनं आपली जुनी खोवणी ठेवली होती. यंदा त्याच खोवणीवर हलव्याचा नारळ खोवला.

तुमच्या घरी काय करतात? ॲश्दोदला, टोरंटोला, सिडनीला नारळ कुठून आणता, आणि मटणात काय घालता? जुन्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास दुसरं कोणी लिहिणार नाही.

येणारं वर्ष सगळ्यांना गोड जावो.